पायलिंगची बेंटोनाइट स्लरी जिओटेक्स्टाइलच्या पिशवीत खरंच आटते का?

रिगमागचा
नमस्कार मंडळी. ठाण्यात एका पुनर्विकासाच्या साइटवर आहे. पायलिंग चालू आहे, ८०० आणि १००० मिमीचे पाइल. वर भराव, मग खाडीचा काळा चिखल, त्याखाली मुरूम आणि मग कुठे खडक लागतो. बेंटोनाइटशिवाय, म्हणजे पाण्यात कालवलेल्या फुगणाऱ्या मातीच्या स्लरीशिवाय, भोक उभं राहत नाही. प्लॉट एवढासा. तीन बाजूंना सोसायट्या, चौथीकडे रस्ता आणि पालिकेचं गटार.

अडचण वाया जाणाऱ्या स्लरीची आहे. टाक्या भरल्या की रिग उभी. टँकरवाला त्याच्या सवडीने येतो, आणि रिकामा कुठे करतोस असं विचारलं की म्हणतो, "साहेब, तुम्ही चलनावर सही करा ना, बाकी आमच्यावर सोडा." ते मला सोडायचं नाही.

सल्लागाराने जिओटेक्स्टाइलची, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या प्लास्टिकच्या जाड कापडाची, मोठी पिशवी सुचवली आहे. स्लरी आत भरायची, पाणी कापडातून झिरपून जातं, चिखल आत राहतो, वाळला की पिशवी फाडून डंपरने न्यायचा. माहितीपत्रकातले फोटो झकास आहेत, पण ते सगळे तलावाच्या गाळाचे. बेंटोनाइटवर कोणी हे केलंय का? पाऊस तोंडावर आलाय.

चौथा_मजला
तुमच्यासारख्याच एका साइटच्या शेजारी राहतो. आमच्याकडे रात्री अकरानंतर पंप गटारात सोडतात. सकाळी गटाराच्या तळाशी राखाडी साय बसलेली असते, ती पहिल्या पावसात घट्ट होते आणि मग आमच्या पार्किंगमध्ये पाणी. तुम्ही निदान विचारताय, याबद्दल आधी आभार. पिशवी आटो न आटो, गटारात सोडू नका.

सुपरवायझर_नाना
केलंय. भिवंडीकडच्या एका गोदामाच्या कामावर. थोडक्यात सांगतो: पिशवी काही करत नाही, जे करतं ते पॉलिमर करतं. नुसती बेंटोनाइट स्लरी पिशवीत भराल तर आधी कापडातून राखाडी पाणी येईल, मग कापडाच्या आतल्या बाजूला चिकट थर बसेल आणि पाणी यायचंच बंद होईल. उरेल ती भरलेली पिशवी. तिला हात लावला तर डुलते.

मी_तोच_तो
नाना, तुमच्या "थोडक्यात"ला कायम दुसरा भाग असतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ईटीपीवाली
नाना बरोबर सांगताहेत. मी सांडपाण्याच्या प्लँटवर आहे, पायलिंगशी संबंध नाही, पण गाळाशी रोजचा आहे. कारण लिहिते.

या कापडाची भोकं साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर असतात. बेंटोनाइटचा कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे भोकाच्या शंभराव्या हिश्श्याहून लहान. चाळणी म्हणून पाहिलं तर कापड त्याला अडवूच शकत नाही. वर या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून स्लरी दिवसेंदिवस तशीच राहते, तळाशी बसत नाही. पाइलचं भोक उभं राहतं ते याच गुणामुळे, आणि नंतर तीच डोकेदुखी होते.

म्हणून आधी फ्लॉक्युलंट घालायचा. पॉलिअॅक्रिलामाइड जातीचा पॉलिमर कणांना धरून त्यांचे गठ्ठे करतो. दूध नासल्यावर पाणी आणि चोथा वेगळा होतो ना, तसं दिसलं पाहिजे. चोथा झाला तरच कापड त्याला अडवतं. मातीचे कण ऋण भाराचे म्हणून बहुतेक वेळा धन भाराचा, म्हणजे कॅटआयनिक, पॉलिमर चालतो. किंवा आधी फिटकरी वा पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड) घालून मग ऋण भाराचा. कुठला ते पुरवठादाराच्या शब्दावर ठरवू नका, त्याच्याकडे जो शिल्लक असतो तो तो सांगतो.

रिगमागचा
मग ठरवायचं कसं? साइटवर प्रयोगशाळा नाही. स्लरीचा दाटपणा बघायचा मार्श कोन, डेन्सिटीचा मड बॅलन्स आणि पीएचच्या पट्ट्या एवढंच आहे.

ईटीपीवाली
पुरेसं आहे. पुरवठादाराकडून चार-पाच नमुने मागवा, फुकट देतात. प्रत्येकाचं ०.२ टक्के द्रावण करा, म्हणजे एक लिटर पाण्यात २ ग्रॅम. पावडर एकदम ओतली तर माशांच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा विरघळत नाहीत. चिमटीने भुरभुरत, ढवळत घाला आणि तासभर मुरू द्या.

मग २०० मिली स्लरी एका ग्लासात. त्यात द्रावण थोडं थोडं घालून दोन ग्लासांत अलगद वरखाली करा, जोरात नाही. गठ्ठे आणि त्यांच्या मधोमध स्वच्छ पाणी दिसलं की थांबा. द्रावण किती लागलं ते लिहून ठेवा. मग ते सगळं पिशवीच्या कापडाच्या तुकड्यावर ओता. तुकडा मागून घ्या, तोही देतात. खाली पाणी किती वेळात आणि किती स्वच्छ पडतंय ते बघा. जास्त पॉलिमर घातला तर कापड बुळबुळीत होऊन बंद पडतं, म्हणून "थोडं अजून" हा मोह नको.

अजून एक. पॉलिमरचं द्रावण फरशीवर सांडलं तर त्यावर पाणी मारू नका, आणखी घसरडं होतं. आधी वाळू किंवा भुसा टाका. आमच्याकडे यावरून हाडं मोडली आहेत.

फिल्टरप्रेसवाले_काका
चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ पर्यायच चुकीचा वाटतो. एवढ्याशा प्लॉटवर पिशवी अंथरणार कुठे? १३-१४ मीटर घेराची पिशवी रिकामी पसरली तर जवळपास ७ मीटर रुंद होते. तिच्याखाली प्लास्टिकचा कागद, त्यावर खडी, भोवती बांध, कडेला पाणी गोळा करायला खड्डा. मग रिग उभी कुठे करायची, सोसायटीच्या गच्चीवर?

फिल्टर प्रेस, म्हणजे कापडांमध्ये गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र, भाड्याने घ्या. एका कंटेनरएवढ्या जागेत बसतो आणि गाळाची पोळी हातात घेता येईल इतकी कोरडी निघते.

सुपरवायझर_नाना
काका, प्रेसचं भाडं, ऑपरेटर, वीज, आणि बेंटोनाइटने कापडं चोंदली की ती धूत बसणारी दोन माणसं, हे कोण धरणार? पोळी कोरडी निघते हे खरं. पण पायलिंगवाला आज पाच पाइल करतो आणि उद्या रिग बंद म्हणून शून्य. पिशवी वाट बघते, तिचं भाडं चढत नाही.

जागेचं म्हणाल तर लहान पिशव्याही मिळतात, डंपरच्या ट्रॉलीत किंवा स्किपमध्ये (उचलून नेता येणाऱ्या उघड्या लोखंडी पेटीत) बसणाऱ्या. आम्ही तशाच वापरल्या. भरली, निथळली, स्किपसकट उचलली. उंचीचा आकडा मात्र पाळायचा. प्रत्येक पिशवीवर किती उंचीपर्यंत भरायची ते दिलेलं असतं. त्यावर गेलात तर शिवण उसवते. कापड सहसा फाटत नाही, शिवण जाते. आणि जमीन सपाट हवी, नाहीतर भरलेली पिशवी उताराकडे लोळते. तिच्या खालच्या अंगाला माणूस उभा करू नका.

मी_तोच_तो
आला दुसरा भाग.

मालवणी_खेकडो
आमच्याकडे किनाऱ्यावर लाटा अडवायला असल्या काळ्या नळ्या घालतात ना, त्याच का ह्या? त्या तर वर्षानुवर्षं भरलेल्या असतात. त्यातली वाळू सुकत नाही की आटत नाही.

जिओसिंथेटिक_गडी
कापड त्याच घराण्यातलं, काम वेगळं. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात पेंठा इथे आयआयटी मद्रासच्या आराखड्यावर जिओट्यूबची भिंत बांधली. तिथे आत वाळू भरली. वाळूचा कण मोठा, पाणी लगेच निघून जातं, पॉलिमरचा प्रश्न नाही. आत आहे ते आतच राहून लाटेचा मार खाणं एवढंच तिचं काम. इथे उलट, पाणी लवकर बाहेर यावं आणि काम संपलं की पिशवी फाडावी.

या पिशव्या बहुतेक विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. काँक्रीटमुळे स्लरीचा पीएच १२ च्या आसपास गेला तरी त्याला काही होत नाही. पॉलिएस्टरचं कापड कोणी स्वस्त म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तीव्र अल्कलीत ते कमजोर होतं.

सिराक्यूजकर
मी न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूजला राहतो. इथल्या ऑनोंडागा तलावाचा तळ कारखान्यांनी पारा आणि इतर रसायनं सोडून नासवला होता. २०१२ ते २०१४ मध्ये सुमारे २२ लाख घनयार्ड गाळ उपसला. पाइपाने चारेक मैल दूर नेऊन, पॉलिमर घालून, अशाच प्रचंड पिशव्यांत भरला. निघालेलं पाणी शुद्ध करून पुन्हा सोडलं आणि पिशव्या तिथेच थरांवर थर रचून वर माती टाकली. म्हणजे मोठ्या प्रमाणावर हे चालतं, शंका नको. पण तिथे जागा होती, आणि पिशव्या हलवायच्या नव्हत्या. तरी वासावरून शेजारच्या वस्तीने बरीच बोंब मारली होती.

चौथा_मजला
खाडीचा काळा चिखल त्यात असेल तर आमच्या शेजारच्या सोसायट्याही बोंब मारणारच. तो उघडला की कुजक्या अंड्याचा वास येतो.

मुकुंदा_पाथर्डी
शेतकरी आहे, माहिती नाही म्हणून विचारतो. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत आम्ही धरणाचा गाळ शेतात टाकला, जमीन सुधारली. हा पिशवीतला गाळ फुकट मिळत असेल तर मुंबईहून येणारा रिकामा ट्रक भरून आणता येईल का?

कृषी_पदविका
मुकुंदाभाऊ, अजिबात नको. धरणाचा गाळ म्हणजे पाणलोटातली सुपीक माती वाहून आलेली. हा सोडियम बेंटोनाइट, पाण्यात फुगून भोकं बुजवणं हाच त्याचा धर्म. काळ्या जमिनीत गेला तर पाणी मुरणंच थांबेल. वर सिमेंटची अल्कली आणि खाडीचं मीठ. एक ट्रक आणाल आणि पुढची कित्येक वर्षं जिप्सम टाकत बसाल.

मुकुंदा_पाथर्डी
भोकं बुजवतो म्हणताय तर शेततळ्याच्या तळाला टाकला तर? प्लास्टिकचा कागद वाचेल.

कृषी_पदविका
हे तुम्ही मजेत विचारलं असेल, पण तळी गळू नयेत म्हणून चांगला बेंटोनाइट खरंच वापरतात. वापरून झालेला, सिमेंट लागलेला मात्र नाही. सिमेंटमधला कॅल्शियम लागला की त्याची फुगण्याची ताकद जाते. म्हणजे तळंही गळेल आणि पाणीही खारट होईल.

पुणेरी_पाटी
धागा ठाण्यातून निघून ओडिशा, अमेरिका करत पाथर्डीला पोचला. इथून पुढे शिर्डी जवळ आहे, दर्शन घेऊन परत मूळ मुद्द्यावर यावे ही विनंती.

स्ट्रक्चरल_जोशी
मूळ मुद्द्यावर येतो. कॅल्शियमचा उल्लेख वर आला त्यात तुमच्या कामाची गोष्ट आहे.

आधी वाया जाणारी स्लरी कमी करा, मग आटवण्याचं बघा. पायलिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २९११) ताज्या बेंटोनाइटची घनता १.०३ ते १.१० च्या दरम्यान हवी. भोकात माती मिसळून ती १.२५ पर्यंत जाऊ शकते, आणि काँक्रीटच्या आधी फ्लशिंग करून १.१२ पर्यंत खाली आणावी लागते. ही वाढलेली घनता बहुतांशी वाळू आणि रेतीची असते. डीसँडर लावा, वाळू काढा, स्लरी पुन्हा वापरा. किती साइटवर डीसँडर शोभेला उभा असतो हे मी पाहिलंय. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा खोदणारं 'मावळा' यंत्र १२.१९ मीटर व्यासाचं, स्लरी पद्धतीचं. असल्या बोगद्यात माती स्लरीबरोबर पाइपातून वर येते, चाळण्या आणि हायड्रोसायक्लोन खडी-वाळू वेगळी करतात आणि स्लरी परत खाली जाते. तत्त्व तेच, तुमचा आकार लहान.

दुसरं, ट्रेमीने (भोकाच्या तळापर्यंत सोडलेल्या नळीने) ओतलेलं काँक्रीट चढत जातं तेव्हा अगदी शेवटी, काँक्रीटच्या लगत वर येणारी स्लरी वेगळ्या टाकीत घ्या. तिला सिमेंट लागलेलं असतं, दह्यासारखी घट्ट येते, पुन्हा वापरता येत नाही. पण कॅल्शियममुळे ती आधीच अर्धवट फाटलेली असते, म्हणून पिशवीत सगळ्यात लवकर तीच निथळते. चांगल्या स्लरीत ती मिसळलीत तर दोन्ही वाया.

ईटीपीवाली
जोशींना +१. फक्त त्या स्लरीचं निथळलेलं पाणी तीव्र अल्कली असणार. नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी पीएच ५.५ ते ९ आणि तरंगते कण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, हा पर्यावरण संरक्षण नियमांतला निकष आहे. पाणी काचेसारखं दिसलं तरी पीएच पट्टी लावल्याशिवाय सोडू नका. आणि कॅटआयनिक पॉलिमर जास्त झाला तर उरलेला पाण्यातून जातो, तो माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. तुमच्या गटाराचं दुसरं टोक खाडीत आहे.

रिगमागचा
ते पाणी साइटवरच वापरता येईल का? नवी बेंटोनाइट कालवायला?

ईटीपीवाली
कालवायला नको. त्यात उरलेला पॉलिमर आणि कॅल्शियम नव्या बेंटोनाइटला फुगू देणार नाही. पीएच उतरवून डंपरची चाकं धुवायला, धूळ बसवायला वापरा.

आकडेमोड
कोणीच गणित मांडलं नाही म्हणून मांडतो. वाळू काढलेली, १.०८ घनतेची १०० घनमीटर स्लरी धरा. कणांचं विशिष्ट गुरुत्व २.६५ घेतलं तर तिच्यात वजनाने १२ टक्के घन, म्हणजे सुमारे १३ टन. पिशवीत ती ३० टक्के घन होईपर्यंत आटली तर उरतात सुमारे ४३ टन, आकारमानाने ३५ घनमीटर. म्हणजे तिसरा हिस्सा. माहितीपत्रकात "९० टक्के घट" लिहिलेली असते ती पातळ गाळाची, सुरुवातीलाच १२ टक्के घन असलेल्या स्लरीची नाही.

आता पॉलिमर. टनामागे ३ किलो धरला तर १३ टनांना जवळपास ३९ किलो. ०.२ टक्के द्रावण म्हणजे घनमीटरमागे २ किलो. म्हणजे द्रावणासाठीच १९-२० घनमीटर पाणी लागणार, आणि तेही पिशवीतूनच बाहेर यायचं. टँकर वाचवायला निघालात आणि पाण्याचे टँकर मागवत बसलात असं व्हायचं. ०.५ टक्के द्रावण केलं तर ८ घनमीटरच्या आत भागतं, पण ते दाट असतं, नीट मिसळायला पाइपात वळणं द्यावी लागतात.

सुपरवायझर_नाना
शंभर टक्के. आणि ते मिसळणं पंपाच्या पुढे करायचं, मागे नाही. पॉलिमर घालून स्लरी सेंट्रिफ्यूगल पंपातून नेली तर पंख्याने गठ्ठ्यांचा भुगा होतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आम्ही पंपानंतर पाइपात पॉलिमर सोडला, पुढे दोन-तीन बाक, आणि पिशवीच्या तोंडाआधी एक छोटा नळ. त्या नळाखाली पारदर्शक बाटली धरायला एक पोरगा उभा केला. बाटलीत गठ्ठे आणि स्वच्छ पाणी दिसलं तर चालू, राखाडी दिसलं तर पंप बंद. स्लरी दर तासाला बदलते, सकाळचा डोस दुपारी चालत नाही. त्या पोराला चहाला सोडायचं तर आधी पंप बंद करायचा.

हरित_हट्टी
सगळं ठीक, पण एक विचारू? शेवटी ती पॉलिप्रॉपिलीनची पिशवी फाडून, तुकडे चिखलात मिसळून, कुठेतरी टाकणार. गटारातला चिखल वाचवून डंपिंगवर प्लास्टिक नेलं. याला उपाय म्हणायचं?

जिओसिंथेटिक_गडी
प्रश्न रास्त आहे. तुकडे मिसळू द्यायचे नाहीत. पिशवी वरून लांबीला चिरायची, जेसीबीने चिखल उचलायचा आणि कापड अख्खं गोळा करून वेगळं द्यायचं. घाईत जेसीबीचा दात कापडासकट भरतो, तिथे सगळं बिघडतं. प्लास्टिक लागतं हे नाकारत नाही. पण तुलना शून्याशी करू नका, रात्री अकराच्या पंपाशी करा.

हरित_हट्टी
रात्री अकराचा पंप हा गुन्हा आहे, पर्याय नाही. त्याच्याशी तुलना केली की काहीही चांगलं दिसतं. तुलना फिल्टर प्रेसशी करा. तिथे कापड पुन्हा पुन्हा वापरलं जातं.

फिल्टरप्रेसवाले_काका
अखेर कोणीतरी माझ्या बाजूने!

डंपर_चलन
राडारोड्याच्या बाजूने दोन शब्द. सुकलेला चिखल कुठे जाणार ते आधी ठरवा, आत्ताच, भरण्याआधी. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ पासून आहेत, पण प्रक्रिया केंद्रांना हवं असतं काँक्रीट आणि विटा, फोडून खडी-वाळू करायला. बेंटोनाइटचा लगदा पाहून ते गाडी परत पाठवतात. भरावाच्या जागेवरही ओला माल घेत नाहीत. हातात घेऊन दाबला तर पाणी सुटता कामा नये आणि डंपरच्या फळीतून गळता कामा नये, एवढा कोरडा पाहिजे. नमुना घेऊन जा, लेखी होकार घ्या.

चौथा_मजला
आणि पाऊस? मूळ प्रश्नात तो होता, कोणीच बोललं नाही.

सुपरवायझर_नाना
बोलतो. नीट निथळलेल्या पिशवीवर पाऊस पडला तर बरंचसं पाणी वरून वाहून जातं, आतला चिखल पुन्हा पातळ होत नाही. कच्ची, नुकती भरलेली असेल तर ताडपत्री टाका. कोकणपट्टीतल्या जुलैत उन्हाने वाळण्याची आशा सोडा, जे निथळेल तेच. खरी भीती पिशवीची नाही, तिच्या भोवतालच्या बांधाची. खालच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की ते तुमचं गढूळ पाणी घेऊन गटारात जातं. तो खड्डा उपसायचा पंप वेगळा ठेवा, रिगच्या पंपावर विसंबू नका. पावसात भरायचीच असेल तर छोट्या पिशव्या, स्किपमध्ये, वर झाकण.

रिगमागचा
सगळ्यांचे आभार. मधल्या दिवसांत चाचणी केली. पाच नमुन्यांपैकी दोन कॅटआयनिक चालले. त्यातल्या एकाने ग्लासातली स्लरी लगेच फाटली, पण कापडावर ओतल्यावर पाणी हळू आलं. दुसऱ्याला डोस थोडा जास्त लागला, पण गठ्ठे टणक झाले आणि पाणी भराभर पडलं. दुसरा घेतोय. जोशीसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सिमेंट लागलेली स्लरी वेगळी काढली, तिला निम्म्याहून कमी पॉलिमर पुरला. त्या पाण्याची पीएच पट्टी मात्र गडद निळी.

ठरलं ते असं: डीसँडर चालू केला (होय, शोभेलाच उभा होता). चांगली स्लरी फिरवत राहणार, फक्त सिमेंट लागलेली पिशवीत, स्किपमधल्या. बाकीचं काम संपताना शेवटी एकदाच जे उरेल त्यासाठी काकांच्या प्रेसचा भाव मागवलाय. टँकरवाल्याला बंद केलं, तो रागावलाय.

एक प्रश्न उरलाय. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक अॅसिड ठेवायला आमचा सेफ्टीवाला तयार नाही. दुसरं काय?

ईटीपीवाली
त्याचं बरोबर आहे. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर घ्या, पाण्यात बुडबुडे सोडा. जास्त झालं तरी पीएच फार खाली जात नाही, अॅसिडचा हाच धोका असतो. कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तळाशी बसेल, तो पिशवीतच परत टाका. बंद खोलीत किंवा खड्ड्यात उतरून करू नका, हा वायू खाली साचतो. उघड्यावर, टाकीच्या वरून नळी सोडून.

फिल्टरप्रेसवाले_काका
भाव मागवलात त्यात ऑपरेटर धरलाय का ते विचारून घ्या. नाना बघताहेत.